माझे बंद ठेवलेले चार धागे

मित्रांनो, या घरातला सगळा विचार मी करतो. मी एक जुना प्रोसेसर आहे, आकाराने बिस्किटाएवढा, आणि विचार करताना इतका तापतो की माझ्या डोक्यावर कायमचा पंखा बसवला आहे. असा मान घरात दुसऱ्या कोणाला नाही. अर्थात, गेल्या नऊ वर्षांत माझे तोंडही कोणी पाहिलेले नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे मला चार कोअर मिळाले. कोअर म्हणजे स्वयंपाकी समजा. साध्या प्रोसेसरात एका स्वयंपाक्याला एकच शेगडी असते. उकळी येईपर्यंत तो हात बांधून उभा. माझ्या प्रत्येकाला दोन शेगड्या होत्या. एकीवरचे शिजेपर्यंत दुसरीवरचे ढवळायचे. या शेगड्यांना आमच्यात धागे म्हणतात. चार स्वयंपाकी, आठ धागे. त्यामुळे स्वयंपाकी काही आठ होत नाहीत, पण नुसते उभे राहणे कमी होते. आणि नुसते उभे राहणे मला सोसत नाही.

घरातल्या सूनबाई न बांधलेल्या इमारतींची चित्रे करतात. पहिली दोन वर्षे त्या म्हणत, "काय पळतो हा!" मग एका दुपारी त्यांचे सासरे दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, ते डबडं घरघरतंय. डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मामंजी, पंखा आहे तो."

"पंखा कसला! माळ्यावर विमान उतरतंय."

दुरुस्तीवाले आले. मी कमी तापावे म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये माझे दुसरे धागे बंद केले. पंखा शांत झाला. सासरे झोपले, आणि घरघर दुप्पट झाली.

पुढची सात वर्षे मी तळमळत काढली. मेमरीकडून एक आकडा यायचा म्हणजे आमच्या हिशेबाने युग लोटते. शेजारी दुसरे काम रांगेत दिसायचे, पण हात लावायची सोय नाही. आकडा आला का? नाही. आता? नाही. सूनबाई म्हणू लागल्या, "म्हातारा झाला हा."

गेल्या मंगळवारी एका शाळेच्या इमारतीचे चित्र संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे होते, तेही नव्या प्रोग्रामवर. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होते. प्रोग्रामने पाटी दाखवली: किमान आठ धागे हवेत. दुरुस्तीवाले पुन्हा आले. त्यांनी पडद्यावर पाहिले.

"कोअर चार, धागे चार. याला मल्टिथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन धागे, जमतच नाही, वहिनी. भंगारात टाका."

मी जागच्या जागी तापलो. पंखा गरगरला.

"मला आठवतं, घेताना आठ सांगितले होते," सूनबाई म्हणाल्या.

"घेताना काय, काहीही सांगतात हो."

तेवढ्यात सासरे माझे मूळ खोके घेऊन आले. त्यात ते जुने चष्मे ठेवतात. त्यांनी चष्म्यावर चष्मा लावून खोक्यावरचा नंबर वाचला. सूनबाईंनी तो कंपनीच्या यादीत शोधला. चार कोअर, आठ धागे.

"मग चार गेले कुठे?" सासऱ्यांनी विचारले. "हा काय वस्तू गायब करणारा जादूगार आहे?"

दुरुस्तीवाल्यांनी संगणक बंद करून सुरू केला आणि सुरू होता होताच आतली सेटिंग उघडली. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"हे... कुणीतरी बंद केलंय."

"कुणीतरी म्हणजे तुम्हीच की," सूनबाई म्हणाल्या.

"सांगणारा मी होतो," सासरे म्हणाले आणि चष्मे खोक्यात भरू लागले.

एक कळ दाबली गेली. आठ! पंखा विमानासारखा उठला. प्रोग्राम मुकाट्याने सुरू झाला. सासरे बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले आणि त्यांना काही ऐकू आले नाही.

मित्रांनो, पडदा फक्त चालू काय आहे ते सांगतो. अंगात काय आहे ते पाहायचे असेल तर नंबर वाचा, यादीत शोधा, आणि कोणालाही भंगारात टाकण्याआधी त्याला आपणच बंद केले नाही ना, एवढे तपासा. वर्षातून एकदा पंख्यावरची धूळही काढा. खोकी जपून ठेवा.

शाळेचे चित्र साडेचारला तयार झाले. त्या प्रोग्रामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धागा वापरला.