बाळासाठी आणलेला सीडी प्लेअर

ग्युन-होने सीडी प्लेअर आणला तो बाळासाठी. तसं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि पैसे देणाऱ्या आईला तर दोनदा. त्याच्या बायकोचं, मी-रानचं पोट तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. पोटातल्या बाळाच्या कानांवर चांगलं संगीत पडलं की बाळ शहाणं निघतं, यावर गंगनुंगला राहणाऱ्या तिच्या सासूबाईंची श्रद्धा, म्हणून त्यांनी पैसे धाडले. ग्युन-होने इंचॉनच्या बाजारातला सगळ्यात चपटा, चंदेरी प्लेअर निवडला. दोन संध्याकाळी ईअरफोन मी-रानच्या पोटावर टेकवले. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "झोपलेलं दिसतंय. कशाला उठवायचं?" आणि ते स्वतःच्या कानांत घातले. तिथेच ते राहिले.

बाळ जन्मलं, हान-सॉल नाव ठेवलं, रांगायलाही लागलं. प्लेअर मात्र रोज ऑफिसला जात होता. थंडी कितीही असो, वायरीवरचा छोट्या पडद्याचा रिमोट कोटाच्या कॉलरवर, लोकांना दिसेल असा. धक्का बसला तरी गाणं अडखळत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. ग्युन-होचा त्यावर इतका विश्वास, की तो धक्का बसूच देत नसे. जिना उतरायचा तो काठोकाठ भरलेला सुपाचा वाडगा घेऊन उतरावा तसा. घरी आला की आधी राइस कुकरचा प्लग काढून तिथे आपली बॅटरी चार्जिंगला लावायचा आणि जेवताना विचारायचा, "भात आज गार कसा?"

मी-रानने माहेरून आणलेल्या सीडी सोयाबीन पेस्टच्या बरणीमागे खोक्यात पडून होत्या. दिवसभर ऐकायला काय, तर कपडे धुण्याचं मशीन आणि बाळ.

"हान-सॉलचे बाबा, दुपारपुरता ठेवून जा ना तो," तिने एकदा म्हणून पाहिलं.

"तुझ्या पाठीवर बाळ बांधलेलं असतं. सारखी हलत असतेस. आतली लेन्स नाजूक असते गं."

"आणि बाळ?"

"बाळ कुठे नाजूक आहे? चांगलं गुटगुटीत आहे."

एक गोष्ट मात्र मी-रानच्या ध्यानात आली होती, जी बापाच्या ध्यानात कधी येणार नव्हती. हान-सॉलला त्या वायरीचं वेड लागलं होतं. बाप दिसला की पोरगा हसायचा, आणि बापाला वाटायचं, आपल्याला बघून हसतो.

पहिला वाढदिवस आला. सासूबाई समुद्री शेवाळाच्या सुपाचं सामान नि तांदळाचा रंगीत केक घेऊन आल्या, ग्युन-होचे थोरले काका आले. बैठ्या टेबलावर दोऱ्याची लड, तांदूळ, नोटा, ब्रश, पुस्तक मांडलं. बाळ जे उचलेल तसं त्याचं नशीब, आणि उचललेली वस्तू त्याची.

फोटो निघणार म्हटल्यावर ग्युन-होने प्लेअरही मध्ये आणून ठेवला. "नवं शतक आहे. नुसते तांदूळ नि दोरे काय मांडायचे?"

"हे काय, पावडरचा डबा?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुझ्याच पैशांचा आहे तो."

"पोटाला लावायचा तो? मग इतका झिजला कसा? सूनबाईच्या पोटाला काय काटे होते?"

मी-रान खाली मान घालून तांदूळ सारखे करत होती. "फोटोत नीट दिसेल असा ठेवते," ती म्हणाली, आणि वायर उलगडून टेबलाच्या कडेला, बाळाच्या हाताला लागेल अशी सोडली. नवऱ्याला बायकोचं कौतुक वाटलं.

हान-सॉलने नोटांकडे पाहिलंही नाही. पुस्तकावर गुडघा दिला, वायर मुठीत धरली आणि तोंडात घातली.

"दोरा घेतला," सासूबाई म्हणाल्या. "खूप जगेल माझा राजा."

"आई, ती वायर आहे."

"लांब आहे, बारीक आहे, त्याने आपणहून धरलीय. दोऱ्याला आणखी काय लागतं?"

"सोड रे बाळा, तुटेल ती," म्हणत ग्युन-होने हात पुढे केला.

"हात मागे घे," थोरले काका म्हणाले. "आजच्या दिवशी पोराच्या हातून आयुष्य काढून घेतोस?"

"पण प्लेअर कुठे उचललाय त्याने? नुसती वायर..."

"दोरा तेवढा त्याचा आणि टोकाचं तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "बाप आहेस की भागीदार?"

काकांनी कॅमेरा डोळ्यांना लावला. फोटोत सगळे हसताहेत, एक सोडून.

सोमवारी ग्युन-हो उघड्या कानांनी ऑफिसला गेला. जिना मात्र अजून तसाच उतरला, सुपाचा वाडगा सांभाळत.

मी-रानने हान-सॉलला पाठीशी बांधलं, बरणीमागचं खोकं काढलं, प्लेअर एप्रनच्या खिशात टाकला. भांडी घासता घासता ती डुलत होती, बाळाला झोपवायचं होतं. गाणं दोनदा अडखळलं, एकदा पुन्हा मागे गेलं. एवढी ख्याती त्या डब्याची. ती थांबली नाही. पाठीवरचा श्वास संथ झाला, मानेवर ऊन ऊन लागू लागला. कुकरचा प्लग जागेवर होता, भात शिजत होता, आणि अडखळणारं का होईना, ते तिचं गाणं होतं.