भिंतीवरचा अनंत

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ त्या खोलीसमोर बायांची ही रीघ लागलेली! मेलेलं माणूस म्हणे भिंतीवर दिसतं. आत दर्पणबाबा कंदिलापुढे काळपट काच धरून खेकसायचा, "मधल्या ठिपक्याकडं पाह्य माय! पापणी नोको हलवू, नाही तं लेकरू परत जाते!" मग काच झाकून चुना दिलेल्या भिंतीकडे बोट करायचा, आणि बाई हंबरडा फोडायची.

तलावात बुडालेला आपला लेक अनंत गोपिकेला असाच दिसला होता. घरी धाकटी शोभा तापाने फणफणत होती, पण बाबाने भिंतीतल्या भावाचा निरोप सांगितला, "बहिणीले दवाखान्यात नोको नेऊ." गोपिका हटून बसली.

तिचे यजमान मनोहरराव शाळेत विज्ञान शिकवायचे. शेवटी तेच काचेपुढे बसले. ठिपका पाहिला, भिंतीकडे वळले. अनंत हसत होता! सगळं कळत असूनही वाटलं, राहू द्यावा तिथेच. मग शोभाचं तापलेलं कपाळ आठवलं आणि काच हिसकावून त्यांनी उन्हात आणली.

काच म्हणजे कुठल्याशा पोराच्या फोटोची निगेटिव्ह होती. चेहरा काळा, केस पांढरे.

"एकटक पाहून डोळा थकते. मंग पांढऱ्या भिंतीवर काळ्याचं पांढरं दिसते, अन् पांढऱ्याचं काळं," मनोहरराव बायांना म्हणाले.

"हे तं आपल्यापैकी कोणाचंच लेकरू नाही वं!" रांगेतली तुळसाबाई काच निरखत पुटपुटली. बाबा मागच्या दाराने पसार झाला होता.

"पण मले अनंतच दिसला जी. काहून?" गोपिका रडू लागली.

"मलेही तोच दिसला वं. जंगलात ज्याले झाडीतला वाघ आधी दिसला, आपलं माणूस दुरून ओळखू आलं, तो वाचला. आपण त्याईचीच लेकरं. म्हणून डागातही डोळ्याले चेहरा दिसते, अन् मन त्याले आपल्या माणसाचं नाव देते. डोळा जगण्यासाठी घडला, खरं सांगासाठी नाही. खरं आपल्यालेच तपासून पाहा लागते."

त्याच दुपारी शोभाला दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण उशीर झाला होता. तिचे कान कायमचे गेले. गोपिका आता तिला हाक मारत नाही. समोर जाऊन बसते आणि पोरीचं लक्ष जाईपर्यंत वाट पाहते.

म्हणून सांगणं एवढंच, चमत्कार दिसला तर हात जोडू नका. आधी ती काच उन्हात आणा, आणि घरी कुणी आजारी असेल तर त्याहीआधी डॉक्टरकडे जा.