जयराम बॉडीवाल्याची मोटार

"जरा इथून बघ," म्हणत जयरामने बायकोला, लताबाईला, हाताला धरून शेडच्या दारात आणलं.

आत लाकडी साच्यावर पत्रा चढला होता. पुढच्या मडगार्डपासून निघालेली रेघ दारावरून वर जात होती आणि मागच्या चाकापाशी अलगद उतरत होती. लताबाईने मान तिरकी करून पाहिलं, मग वाकून पाहिलं.

"उभ्या उभ्या पळतेय की," ती म्हणाली.

जयराम खुळ्यासारखा हसत सुटला. वीस वर्षं तो नाशिकच्या द्वारका नाक्यामागे ट्रकच्या बॉड्या बांधत होता. ट्रकची बॉडी म्हणजे खोकं. चारी बाजू सरळ आल्या की काम झालं. गोल काही कर, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते देवळालीच्या केकीशेठनी, अठ्ठ्याहत्तर साली, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी.

शेठच्या एमजी स्पोर्ट्स गाडीवर बंगल्यातल्या वडाची फांदी कोसळली होती. वरचं सगळं चेपलं, पण इंजिन, चाकं, खालचा सांगाडा ठणठणीत राहिला. शेठ त्या वर्षाअखेर कायमचे विलायतेला मुलाकडे जाणार होते आणि गाडी बोटीने नेणार होते. त्याआधी मुंबईत मोटारींचं प्रदर्शन होतं, तिथे ती मांडायची होती. जुनीसारखी नको, दुनियेत दुसरी नसेल अशी बनव, असं त्यांनी सांगितलं. एकच अट घातली: काम झालं की साचा मोडायचा.

"मोडू की," जयराम तेव्हा पटकन बोलून गेला होता.

शेठनी दिलेली परदेशी मासिकं त्याने दोन दिवस चाळली आणि बाजूला ठेवून दिली. हाताशी आलेली ट्रकची कामं शेजारच्या शेडला देऊन टाकली. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून तो लाकडी हातोड्याने ठोकत बसे. मागची बाजू काही केल्या जमेना. दोनदा त्याने ती उतरवून पुन्हा बांधली. लताबाई एरवी ट्रॅक्टर-टेम्पोच्या गाद्या शिवायची. तिने या गाडीसाठी तपकिरी चामड्याच्या दोन गाद्या शिवल्या आणि त्यांवर कुणाला टेकूसुद्धा दिलं नाही. पिंपळगावचे टेम्पोवाले चहाच्या निमित्ताने थांबायचे आणि गाडीभोवती फिरून जायचे. ट्रक रंगवणाऱ्या पुंजा पेंटरने रंग दिला, पिकत आलेल्या द्राक्षासारखा हिरवा.

रंग वाळला. साचा मोडायचा दिवस आला तेव्हा जयराम कुऱ्हाड घेऊन नुसताच उभा राहिला. लताबाई म्हणाली, मागचा तेवढा तुकडा ताडपत्रीखाली ठेवू, शेठ काही बघायला येणार नाहीत.

"शब्द दिलाय," तो म्हणाला. आणि त्याने आधी तोच तुकडा फोडला. पुढचे काही दिवस आळीतल्या बंबांमध्ये ते लाकूड जळत होतं.

साचा मोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठ आले. गाडीभोवती दोनदा फिरले. मग त्यांनी चावी जयरामच्या हातावर ठेवली आणि पहिली चक्कर बाईला घेऊन मार, असं सांगितलं. जयरामने दिंडोरीचा रस्ता धरला. पंचवटी मागे पडली, द्राक्षाचे मळे लागले. लताबाईने पदर डोक्याला घट्ट बांधून घेतला होता. बसस्टॉपवरची माणसं उठून उभी राहत होती, एका बैलगाडीवाल्याने बैल थांबवून हात वर केला.

"अजून जोरात घ्या," लताबाई म्हणाली. जयरामने तिला लग्नानंतर इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. दिंडोरी आली तरी त्याला गाडी वळवावीशी वाटेना.

गाडीत जागा दोघांचीच, म्हणून मुंबईला शेठ आणि जयराम गेले. कसारा घाट गाडी गुणगुणत उतरली. प्रदर्शनात लोकांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. कुणी तिला इटलीची ठरवत होतं, कुणी जर्मनीची. शेठनी पाटी लावली होती: जयराम, नाशिक. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि काळवंडलेल्या नखांकडे पाहून लोक त्याचा हात हातात घेत होते. एका कारखानदाराने अशाच सहा गाड्या मागितल्या. शेठनी जयरामकडे पाहिलं.

"साचा नाही साहेब," जयराम म्हणाला. "ही एकच."

प्रदर्शन संपलं आणि गाडी तिथूनच गोदीत गेली. मोठ्या पेटीत बंद होईपर्यंत जयराम तिच्याजवळ होता. मग तो एसटीने नाशिकला आला. किती गर्दी होती, कोण काय म्हणालं, हे लताबाईला सांगताना त्याचा आवाज चढत होता.

पुढच्या आठवड्यांत शेडमध्ये एका नव्या ट्रकची बॉडी उभी राहिली. काम संपल्यावर एका संध्याकाळी जयरामने खडू घेतला आणि ट्रकच्या मागच्या कोऱ्या फाळक्यावर एका दमात ती रेघ ओढली. वर जाणारी, मग अलगद उतरणारी.

"बरोबर आली का गं?"

लताबाई मागे सरकून पाहत राहिली. "आली," ती म्हणाली.

सकाळी पुंजा लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि फाळक्यापाशी जाऊन ब्रश भिजवू लागला. लताबाईने त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"पुंजाभाऊ, पुढून सुरू करा," ती म्हणाली. "मागचं शेवटी घ्या."