बोल्टखालचा रंग

“आता लाव,” पेंटर म्हणाले.

त्यांच्या मुलीने गाडीत बसून बटण फिरवलं. भर दुपारी गॅरेजचं शटर खाली ओढून केलेल्या अंधारात समोरच्या भिंतीवर उजेडाची दोन वर्तुळं उमटली आणि लगेच थरथरायला लागली. हौदातल्या पाण्यावरून उडालेली तिरीप छतावर नाचते ना, तशी. पेंटर बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना ती थरथर आवडत होती. आठ दिवस तिनेच लेकीला घरी धरून ठेवलं होतं.

लेक नर्स. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला कायमची नोकरी लागली होती. राहायचंही तिकडेच, पण दवाखान्यापासून लांब. रात्रपाळी, घाटाचा रस्ता आणि बसचा पत्ता नाही. गेल्या सोमवारी हजर व्हायचं, तर आदल्याच संध्याकाळी गाडीचे दिवे फडफडायला लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका मेकॅनिकने बल्ब बदलले, दुसऱ्याने बॅटरी, आणि दोघांनीही आता बघायला नको असं छातीठोक सांगितलं. आज सकाळी दवाखान्यातून फोन आला, उद्या आला नाहीत तर जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊ.

“दिवे धड झाले नाहीत तर मी नाही जाणार बाबा,” फोन ठेवून ती म्हणाली होती. “त्या वळणांवर अंधारात नाही जमायचं मला. सोडून देईन नोकरी.”

पेंटर नुसतं “बघू” म्हणाले. बायको गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. त्या “बघू”मध्ये किती लबाडी होती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मुलगी आता गाडीतून उतरून बॉनेटमध्ये वाकली होती. “दोन्ही एकदम फडफडतायत, म्हणजे दुखणं डोळ्यांत नाहीये. मागे कुठेतरी आहे. त्या दोघांनी रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला दिलंय.”

“सकाळी अंगणात इंजिन रेस करून बघितलंस ना?”

“काही फरक नाही, म्हणजे चार्जिंगचा दोष नाही. ती सुटी वायर द्या बरं.”

तिने वायरीचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला धरलं आणि दुसरं दिव्यामागच्या काळ्या वायरीला टेकवलं. भिंतीवरचा उजेड थरथरायचा एकदम थांबला. तिने टोक उचललं, तो पुन्हा थरथरला. टेकवलं, थांबला.

“सापडलं,” ती हळूच म्हणाली. “करंट जातोय नीट, परत यायची वाट अडलीय. ही काळी वायर गाडीच्या पत्र्याला कुठे जोडलीय हो?”

कुठे ते पेंटरांना पक्कं माहीत होतं. आयुष्यभर गाड्या रंगवल्या, पण इतरांसारखं चिकटपट्टी लावून वरवर रंग मारणं त्यांना कधी पटलं नाही. सगळे बोल्ट काढायचे, त्यांच्या खालीही रंग द्यायचा, मगच परत पिळायचे. उघडा पत्रा म्हणजे त्यांना उघडी जखम वाटायची. घरची गाडी गेल्या वर्षी रंगवली तेव्हा हाही बोल्ट काढला होता. खाली रंगाचे चार हात दिले होते, तेही मन लावून. रंगातून करंट जात नाही; बोल्टच्या आट्यांनी इतकी वर्षं कसंबसं निभावलं आणि आता हात टेकले. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

गप्प बसलं तरी चाललं असतं. तो बोल्ट दिव्याच्या पाठीमागे, आत, नुसता हातालाच लागणारा. संध्याकाळपर्यंत तिला काही सापडला नसता. त्या अर्ध्या अंधारात पेंटरांना उद्याची सकाळ दिसायला लागली. ओट्यावर दोन कप, न्हाणीतून तिचं गुणगुणणं, दाराशी तिच्या चपला. इतकं स्वच्छ दिसलं की ते घडून गेल्यासारखंच वाटलं. मग त्यांची नजर तिच्याकडे गेली. गुडघे फरशीवर टेकून तिने वायर दोन बोटांत धरली होती, एखाद्याची नाडी बघावी तशी. तिला जायचं होतं. तोंडाने काहीही म्हणो, तिला जायचं होतं.

“मीच अडवलीय,” पेंटर म्हणाले.

“काय?”

“वाट. त्या बोल्टखाली रंग दिलाय मी.”

ती रागावली नाही. “तुम्ही पण ना, बाबा,” एवढंच म्हणाली.

दहा नंबरच्या पान्याने पेंटरांनी बोल्ट सैल केला आणि पॉलिश पेपर घासायला घेतला. निळा निघाला. त्याखाली पांढरा, ही शाळेत जायची तेव्हाचा. त्याच्याही खाली हिरवा, तिची आई गाडी शिकली तेव्हाचा. बोटं घासत होती आणि पेंटर त्या हिरव्यात कितीतरी वेळ रेंगाळले. गाडी फाटकाला आपटून वर फाटकालाच दटावणारी ती बाई त्यांना ऐकू येत होती. मग हिरवाही गेला आणि पत्रा चमकला.

“हे गंजेल ना?” मुलीने विचारलं.

“गंजेल. सहा महिन्यांनी पुन्हा घासावं लागेल.”

इकडे घेऊन ये, मी घासून देईन, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तिला घरी यायला एक हक्काचं कारण झालं असतं. त्यांनी ते गिळलं आणि हात मागे बांधले.

“उरलेलं तू घास. बोल्टही तूच पीळ. मी हात लावणार नाही.”

तिचा पाना दोनदा सटकला, बोट खरचटलं. पेंटर जागचे हलले नाहीत. दिवे लावल्यावर भिंतीवरचा खिळा न् खिळा मोजता येईल असा उजेड पडला.

पाचला शटर वर गेलं. तिची बॅग मागच्या सीटवर ठेवून झाल्यावर पेंटरांनी उरलेला पॉलिश पेपर आणि दहाचा पाना तिच्या समोरच्या कप्प्यात सरकवला.

“अहो, पाना कशाला? तुम्हाला लागेल की.”

“माझ्याकडे आहे दुसरा,” पेंटर म्हणाले.

दुसरा नव्हता.