लुकिस्कोस ‘होय’ म्हणेना

आमच्यातला लुकिस्कोस तापाने गेला आणि आमच्या गुरुजींशी भांडणारं कुणी उरलं नाही. अथेन्सच्या वेशीबाहेर, ऑलिव्हच्या झाडांखाली दिओखारिस गुरुजी आम्हाला शिकवत. त्यांचं प्रत्येक वाक्य लुकिस्कोस अडवायचा.

पुढे गुरुजींनी एक संवाद लिहिला. आत्मा अमर असतो, हे त्यात सिद्ध केलेलं. प्रश्न विचारणारे ते स्वतः, उत्तरं देणारा लुकिस्कोस. त्याच्या आईला, मेलित्ताला, तेवढाच धीर मिळेल म्हणून वाचन तिच्याच अंगणात ठेवलं. लुकिस्कोसची वाक्यं माझ्याकडे होती.

“खरं आहे, गुरुजी,” मी वाचत होतो. “अगदी बरोबर, गुरुजी.”

दाराआड बसलेली मेलित्ता तरातरा बाहेर आली.

“हा कोण?”

“तुमचा लुकिस्कोस, बाई,” गुरुजी म्हणाले.

“माझा? जेवायला बस म्हटलं तरी ‘का?’ विचारायचा तो. मेल्यावर एवढा गरीब झाला होय? त्याला बोलू द्या की जरा!”

गुरुजींना ते लागलं. लुकिस्कोसची सगळी उत्तरं खोडून ते पुन्हा लिहायला बसले. हळूहळू त्यांचं जेवण सुटलं. एकदा माझा हात धरून म्हणाले, “मी लिहीत नाही रे. तो सांगतोय. आणि मला उत्तर सुचत नाही.”

पुन्हा तेच अंगण. मी वाचू लागलो.

“थांबा, गुरुजी. तापात मी आईलाच विचारलं, ‘बाई, तुम्ही कोण?’ नुसत्या तापाने आत्म्यातलं एवढं गेलं, तर सगळं शरीर गेल्यावर काय उरेल?”

पुढे पपायरसचा कागद कोरा होता.

मेलित्ता भिंतीला टेकली. “हे कुणी सांगितलं तुम्हाला? आम्ही दोघंच होतो खोलीत. मी कुणाजवळ बोलले नाही.”

“कुणीच नाही,” गुरुजी पुटपुटले. त्यांनी कागद फाडायला घेतला, तो तिने हिसकावला.

“राहू द्या. पुन्हा वाच रे.”

मी वाचलं. माझ्या तोंडून निघालेला आवाज माझा नव्हता.

गुरुजींनी नंतर काही लिहिलं नाही. मेलित्ता मात्र मला अधूनमधून बोलावते. मी त्या प्रश्नापर्यंत वाचतो आणि थांबतो. मग ती डोक्यावरचं वस्त्र सावरते, माझ्या खांद्यामागे बघते आणि म्हणते, “चुकतोयस तू. ऐक आता माझं.”