भिंतीपलीकडची मालिका

दिवाळी झाली आणि मनकर्णाबाईंचा उजवा खांदा आखडला. सिल्लोडकडच्या आरोग्य केंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. हजारो लेकरांना ज्या हातानं लस टोचली, तो हात आता वेणी घालायलाही वर जाईना. डॉक्टरांनी दहा दिवस फिजिओथेरपी सांगितली. पुंडलिकनगरातून रिक्षानं त्या रोज अकरा वाजता क्रांती चौकाजवळच्या एका क्लिनिकात जाऊ लागल्या. तिथं दोन पलंग होते, मधे हिरवा पडदा. मशीनच्या पट्ट्या लावून वीस मिनिटं पडून राहायचं, मग अमृता नावाची फिजिओथेरपिस्ट खांदा हलवून द्यायची.

"काकू, अंग लई ताठ धरता तुम्ही," अमृता पहिल्याच दिवशी म्हणाली. "सैल सोडा. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. काल सातच्या मालिकेत काय झालं ते सांगा. माझी ड्युटी असते, मला बघायला मिळत नाही."

"व्हायचं काय त्यात. तलाठ्याच्या नोकरीचं पत्र आलंय सुनेला, सासूनं ते लपवलंय. काल कळलं, पिठाच्या डब्यात आहे. आणि सून गप."

पडद्यापलीकडून एक बाई म्हणाली, "पिठाच्या डब्यात? मी समजत होते कपाटात ठेवलं. काल आमच्या छावणी भागात ऐन सातला लाईट गेली. पुढं काय झालं, सांगा की जरा."

त्या सगीरा आपा. उर्दू शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त, गुडघ्यासाठी यायच्या. मनकर्णाबाईंनी सगळं सांगितलं. सून पूर्वजा काय बोलली, सासू काय बोलली, कुणाच्या आवाजात कसा कंप होता. सांगता सांगता वीस मिनिटं कधी गेली कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघींचं ठरूनच गेलं. पलंगावर पडलं की पूर्वजा.

"मी सांगते आपा, त्या पोरीनं तोंड उघडावं. पत्र आलंय हे पोस्टमननं सांगितलं ना तिला? मग मागायचं सरळ. आमच्या नोकरीत अशा गप बसणाऱ्या लई बघितल्या. गप बसून कुणाचं भलं झालं नाय."

"सिस्टर, गप बसणारा प्रत्येक माणूस भित्रा नसतो," सगीरा आपा म्हणायच्या. त्या मराठी अगदी मोजून बोलायच्या, मधेच दखनी यायची. "सब्र भी कोई चीज है. ती बघतेय, घरात कोण आपलं आणि कोण परकं."

"तीन आठवडे बघतेय. रुजू व्हायची तारीख निघून जाईल तिची."

अमृता दोघींचं ऐकत पट्ट्या बदलायची. तिला दोघींचंही पटायचं.

आता एक गोष्ट मनकर्णाबाईंनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी ती मालिका कधी बघितलीच नव्हती. फक्त ऐकली होती. शेजारच्या कडूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळं त्यांचा टीव्ही मोठ्यानं लागायचा, आणि दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. सात वाजले की मनकर्णाबाई थापायची भाकरी तशीच ठेवून त्या भिंतीशी उभ्या राहायच्या. मालिकेतली माणसं मनातलंही मोठ्यानं बोलतात, त्यामुळं ऐकणाऱ्याचं फारसं अडत नाही. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान साहेबराव बातम्यांतली भांडणं बघायचे. एसटीत कंडक्टर होते, आवाजाची सवय होती.

कडूबाईंकडं जाऊन बसायची मात्र सोय नव्हती. नोकरीत असताना मनकर्णाबाईंनीच त्यांना ऐकवलं होतं, "मालिका बघणं हे रिकामटेकड्यांचं काम. त्या वेळात दोन पानं वाच." त्या बोलण्याला बारा वर्षं झाली होती, पण शब्द शब्द होता.

सहाव्या दिवशी गडबड झाली. वृषाली नावाचं एक पात्र पूर्वजाची बाजू घेऊ लागलं होतं.

"त्या म्हातारीनं तरी तोंड उघडलं म्हणायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कोण म्हातारी?"

"ती वृषाली. आजेसासू."

 पडद्याच्या कड्यांचा खडखडाट झाला आणि पडदा बाजूला सरकला. सगीरा आपा गुडघ्याच्या पट्ट्यांसकट उठून बसल्या होत्या.

"सिस्टर, वृषाली नणंद आहे. पंचवीस वर्षांची पोरगी. आवाज तेवढा घोगरा आहे तिचा."

 मनकर्णाबाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. कडूबाई, भिंत, भाकरी, सगळं. सांगताना त्यांचे कान तापले. सहा दिवस आपण ठासून मतं देत होतो, आणि चेहरा एकाचा माहीत नाही.

सगीरा आपा हसल्या, पण लगेच थांबल्या. "घरी टीव्ही नाही?"

"आहे की. यजमान बातम्या बघतात."

"मग रिमोट मागायचा."

"कधी मागितला नाय."

"तीस वर्षं नोकरी केली तुम्ही. गावच्या सरपंचालाही बोलला असाल."

"बोललेय. दोनदा."

"आणि पूर्वजाला रोज सांगता, तोंड उघड म्हणून." सगीरा आपांनी पडदा परत ओढून घेतला नाही. "मी तर सब्रवाली बाई. पण माझ्या घरात सातला रिमोट माझ्या हातात असतो."

रिक्षात मनकर्णाबाईंना राग आला. आधी आपांचा, मग साहेबरावांचा, आणि पुंडलिकनगर येईपर्यंत स्वतःचा. साहेबरावांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. आपल्यालाच वाटत होतं, आपण मालिका मागितली तर हे काय म्हणतील. निवृत्त सिस्टर आणि सासू-सुनांच्या भांडणात जीव अडकला.

संध्याकाळी पावणेसातला त्यांनी पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. साहेबरावांनी त्यांच्याकडं बघितलं.

"खांदा दुखतो का?"

"नाय." त्यांनी हात पुढं केला. "रिमोट द्या. मला सातची मालिका बघायचीय."

साहेबरावांनी रिमोट लगेच दिला. मग म्हणाले, "तुला तर चीड होती ना मालिकांची?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. कडूबाईला बोलत होतीस अंगणात. तेव्हापासून तू घरात असलीस की मी आपला बातम्या लावून बसतो. मलाही काय रोज त्यांची भांडणं गोड लागत नाहीत."

मनकर्णाबाईंना हसावं की रडावं कळेना. बारा वर्षं दोघं एकमेकांसाठी नको ते बघत आणि नको तिथं उभे राहत आले होते. तेवढ्यात मालिका लागली. पूर्वजा दिसली तेव्हा त्या जरा हिरमुसल्या. त्यांच्या मनातली पूर्वजा सावळी, उंच, रुंद खांद्यांची होती. ही तर गोरीपान आणि फुंकर मारली तर उडेल अशी.

"हिचा आवाज हिच्यापेक्षा दणकट आहे," त्या म्हणाल्या.

"आणि सासूनं एवढे दागिने घालून पीठ मळायला नको होतं," साहेबराव म्हणाले. त्यांनीही आता पाय वर घेतले होते.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकात मनकर्णाबाईंनी पडदा स्वतःच सारला. त्यानंतर तो मधे आलाच नाही. दहा दिवस संपले, खांदा बराचसा मोकळा झाला, सगीरा आपांचा गुडघाही वाकू लागला. निघताना दोघींनी नंबर घेतले. आता मालिका संपली की साडेसातपासून ते स्वयंपाक होईपर्यंत बोललेल्या निरोपांची ये-जा चाले. मधेच साहेबरावही फोन हातात घेऊन आपलं मत रेकॉर्ड करत. सगीरा आपांनी कळवलं, "भाईसाहेबांना सांगा, थोडक्यात बोलायचं. सगळे थांबे पुकारायला ही एसटी नाही."

महिनाअखेर शेवटचा भाग होता. मनकर्णाबाईंनी आपांना घरी बोलावलं. आणि त्या दिवशी दुपारी कडूबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कडूबाई, मी तुला मालिकांवरून बोलले होते एकदा. चुकलं माझं. मी रोज भिंतीपलीकडून ऐकायचे तुझी मालिका. आज शेवटचा भाग आहे, ये आमच्याकडं बघायला."

"काय म्हणतीस?" कडूबाईंनी कानाला हात लावला.

सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात मनकर्णाबाईंना ते परत सांगावं लागलं. कडूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. भाकरीची थपथप सातलाच थांबायची तुझ्याकडं, भिंतीला हात ठेवला की कळायचं."

सात वाजता चौघं टीव्हीसमोर बसले. सगीरा आपांनी छावणीच्या बाजारातून गरम नानखटाई आणली होती. पूर्वजाला पत्र मिळालं. तिनं ते वाचलं, सासूकडं बघितलं आणि रडत सासूच्या गळ्यात पडली. नोकरी सोडते म्हणाली, घरच माझं कार्यालय. संगीत वाजलं आणि नावं सुरू झाली.

 सगीरा आपा उठल्या, गुडघा धरून उभ्या राहिल्या.

"एवढं सब्र कुणी सांगितलं होतं हिला?" त्या म्हणाल्या. "तारीख निघून गेली. तलाठी झाली असती पोरगी."

"मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तुमचं बरोबर होतं, सिस्टर. नक्को, मला असला शेवट नक्को."

"सासूचंही थोडं समजून घ्यायला हवं," साहेबराव म्हणाले. "एकटी पडली असती बिचारी."

तिन्ही बायकांनी त्यांच्याकडं एकदम वळून बघितलं. कडूबाईंना काय ऐकू आलं कोण जाणे, पण नजर त्यांचीच सगळ्यांत कडक होती. साहेबराव उठले आणि चहा टाकायला आत गेले. चहा येईपर्यंत तिघींनी मिळून दुसरा शेवट रचला होता. त्यात पूर्वजा सिल्लोडला रुजू झाली होती आणि सासू तिचा डबा भरून देत होती.