मागच्या सीटवरचं वजन

मिस्त्रीने दूधवाल्याच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि कान इंजिनाकडे लावला. पाठीला लोखंडी चौकट रुतत होती, तिला दोन्ही बाजूंनी लटकवलेले रिकामे कॅन पोटऱ्यांवर आपटत होते. उतार संपला. वळण आलं, गेलं. मोटरसायकल आपली शहाण्या मुलीसारखी चालत राहिली.

"आता बघ," दूधवाला ओरडला. "या गतिरोधकानंतर हमखास बंद पडते."

गतिरोधक आला. कॅन खणखणले. गाडी चालतच राहिली.

"पडली?" मिस्त्रीने विचारलं.

"तुला दिसतंय ना, नाही पडली. तुझ्यासमोर नाटकं करते ही. काल याच जागी माझी सासू भेटल्यासारखं तोंड झालं होतं माझं."

मिस्त्री हसला नाही. त्याचे डोळे चुरचुरत होते. घरात चार महिन्यांची छकुली, त्यामुळे डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि गेला आठवडाभर या एका गाडीने त्याच्या नाकी नऊ आणले होते. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून पुसला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. दर वेळी गाडी गॅरेजमधून ऐटीत बाहेर पडे आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला ती ढकलत आणी.

गॅरेजसमोर उतरल्यावर दूधवाल्याने गाडी स्टँडला लावली.

"काका, पुन्हा एकदा सांगा. बंद पडताना फडफडते? झटके देते?"

"काही नाही. दिवा मालवावा तशी. एकदम गप्प."

"आणि जाताना कधीच नाही?"

"जाताना कसली! भरलेले कॅन असतात तेव्हा घोड्यासारखी पळते. येतानाच तिचा जीव जातो. मग मी उतरतो, दोन शिव्या घालतो, सीटवर एक बुक्का हाणतो, की लागते चालू."

"येताना इंजिन तापलेलं असतं," मिस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तापल्यावरच काहीतरी होतंय."

"ते तू चार दिवस म्हणतोयस." दूधवाल्याचा आवाज खाली आला. "हे बघ मिस्त्री, तुझ्यावर राग नाही माझा. पण घरी बायको म्हणते, गाडीला काही झालेलं नाही, तुम्हीच कुठेतरी चकाट्या पिटत बसता. मिस्त्रीसमोर चालते म्हणजे काय, मी खोटं बोलतो?"

"तसं कुणी म्हटलं? तुम्ही पडते म्हणता म्हणजे पडते."

हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असे, आणि मनापासून म्हणत असे. ज्याची गाडी, त्याचं खरं. आज मात्र ते बोलून झाल्यावर त्याने पाना उचलला, उगाच पुसला आणि पुन्हा खाली ठेवला.

सकाळी तो बुटांची नाडी बांधत होता तेव्हा बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

"दुपारी याल का एखाद्या दिवशी घरी?"

"दुपारी? कामाच्या ऐन भरात? काय झालं?"

"झालं काही नाही. दुपारी माझे हातपाय गळतात. ही रडते, मला ऐकू येतं, आणि उठवतच नाही. भीती वाटते."

त्याने वर पाहिलं होतं. तोंड धुतलेलं, वेणी घातलेली, कडेवर छकुली त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे हात करून खिदळतेय. डॉक्टरीणबाईंनीही तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. संध्याकाळी फेरी मारून जाणारी त्याची आई म्हणे, माझ्यासमोर तर छान असते की.

"आत्ता तर बरी दिसतेस," तो म्हणाला होता.

"हो. आत्ता बरी आहे," असं म्हणून ती आत गेली होती. भांडली नव्हती. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"रोज तुलाच मागे बसवून नेऊ का?" दूधवाला विचारत होता. "तू बसलास की कुरकुर नाही तिची. दुधाच्या जोडीला एक मिस्त्री फुकट, असं सांगतो गिऱ्हाइकांना."

मिस्त्रीने पान्याकडे नेलेला हात तसाच थांबवला.

"काय म्हणालात?"

"थट्टा केली रे."

"नाही. मी बसलो की चालते. कॅन भरलेले असले की चालते." त्याने सीटवर तळवा टेकवून दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "काका, तसंच मागे फिरा. एकटे जा. मी माझ्या गाडीवरून लांबून येतो. मागे वळून बघू नका. मी नाहीच असं समजा."

"आणि पडली तर?"

"पडू दे. पडायलाच हवी."

दूधवाला पुटपुटत निघाला. मिस्त्री बरंच अंतर ठेवून त्याच्यामागे राहिला. रिकामे कॅन दुरूनही वाजताना ऐकू येत होते. गतिरोधकावर ते उडाले, आणि त्यांच्या खणखणाटाखालचा इंजिनाचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. गाडी थोडी घरंगळून कडेला थांबली. दूधवाल्याने दोन्ही हात आभाळाकडे केले.

"पडली! पडली रे बाबा!" मुलगा पहिल्या नंबराने पास व्हावा तसा त्याचा चेहरा फुलला होता. "बघितलंस ना? तुझ्या डोळ्यांनी बघितलंस?"

"बुक्का मारू नका!"

मिस्त्रीने तिथेच, रस्त्याच्या कडेला, सीट उचलून काढली. मागच्या टोकाखाली वायरींचा जोड होता, बोटभर लांबीचा, प्लास्टिकचा, त्याची खीळ तुटलेली. मागे वजन असलं, माणसाचं किंवा सीटवर टेकलेल्या चौकटीतल्या भरल्या कॅनचं, की सीटचा पत्रा त्याला दाबून धरी आणि दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटून राहत. वजन नसलं की एका हिसक्यात ती सुटत. त्याने जोड बोटांनी दाबला. किक मारली. इंजिन लागलं. बोट काढून वायर हलवली. बंद.

"एवढंसंच?" दूधवाला वाकून बघत म्हणाला. "आणि मी हिला काय काय बोललो!"

"माझंच चुकलं. मी मागे बसून शोधत होतो."

"मग काय, पुढे बसायला हवं होतंस?"

"बसायलाच नको होतं."

त्याने दोन्ही तोंडं घासून साफ केली, जोड घट्ट बसवला, वरून पट्टी आवळली. दूधवाल्याने एकट्यानेच दोन चकरा मारून पाहिल्या, गतिरोधकावर मुद्दाम आदळून पाहिली. मग बायकोला फोन लावून तिथूनच तिला सविस्तर ऐकवायला लागला, पत्रा, खीळ, वायर, सगळं. मिस्त्री गॅरेजवर परतला तेव्हा ऊन भर डोक्यावर आलं होतं.

हात धुताना तो बराच वेळ साबण चोळत राहिला. मग शटर ओढलं. स्वतःच्या मोटरसायकलला किल्ली लावली, क्षणभर थांबला, आणि किल्ली काढून खिशात टाकली. त्याच्या गाडीचा आवाज घरी कोपऱ्यापासून ओळखू येई. तो पोहोचायच्या आत दार उघडलेलं असे, दारात ती उभी, कडेवर मूल, केस सारखे केलेले. रोज असंच. त्याला ते आवडतही असे.

तो चालत निघाला.

दुपारची गल्ली ओस होती. आपल्या घराच्या खिडकीजवळ आल्यावर त्याला छकुलीचं रडणं ऐकू आलं. नुकतं सुरू झालेलं नव्हतं ते. रडून रडून घशाला कोरड पडल्यावर येतो तसा आवाज. त्याचा हात दाराकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि आधी खिडकीतून आत पाहिलं.

छकुली चादरीवर पालथी पडून मुठी आपटत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून, बायको जमिनीवर बसली होती. वेणी अर्धी सुटलेली. डोळे उघडे होते, पण ते मुलीवर नव्हते आणि दुसऱ्या कशावरही नव्हते. दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवलेले, कुणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखे. आत गॅसवर काहीतरी करपत होतं, त्याचा वास खिडकीपर्यंत येत होता.

मग त्याने दार ढकललं.

कडी वाजली आणि ती उठली. एका झटक्यात. पदराने तोंड पुसलं, मुलीला उचलून खांद्यावर टाकलं, मोकळ्या हाताने केस मागे सारले. तो उंबरठा ओलांडेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"अगंबाई, आज लवकर? गाडीचा आवाज नाही आला. ही आत्ताच रडायला लागली हं, आत्तापर्यंत छान खेळत होती. बसा, पाणी आणते."

तो आत गेला, गॅस बंद केला, बाहेर आला. तिच्या खांद्यावरून मुलीला घेतलं. छकुलीचं अंग रडून घामेजलं होतं. तिला छातीशी धरून तो भिंतीला टेकला आणि खाली, जमिनीवर, बायको बसली होती त्या जागेशेजारी बसला.

"असे खाली काय बसलात? सतरंजी तरी घालते."

"नको."

"बरं नाही वाटत का तुम्हाला?"

"मी ठीक आहे."

"मीपण बरी आहे," ती घाईने म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी असलो की तू बरी असतेस."

ती उभीच राहिली. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता त्याला धरायला काही उरलं नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधी आलात?"

"मघाशी."

छकुलीचा हुंदका त्याच्या गळ्यापाशी अडखळत अडखळत बारीक होत गेला. बायको हळूहळू भिंतीला धरून खाली बसली. केस सारखे करायला हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि तसाच खाली आला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.